पंख क्युपिडचे, चेहरा कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबांच्या वेळेपासून घरात लंबगोल चौकटीतलं एक तांबूस छापचित्र आहे. पंख असलेला उघडा मुलगा, हातात धनुष्य, खाली बारीक अक्षरांत अँजेलिका काउफमनचं नाव. हा खरोखरच कुणाचा मुलगा होता, की नुसता क्युपिड, म्हणजे रोमन पुराणातला पंखधारी बाल-प्रेमदेव? आणि त्या काळच्या चित्रकर्त्रींनी अशी पौराणिक मुलं एवढी का रंगवली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते : बहुधा कुणाचाच नाही. छापात आलेले काउफमनचे बहुतेक क्युपिड कल्पनेतले आहेत. पण 'बहुधा' म्हणण्याचं कारण आहे, कारण खऱ्या मुलांना तिने आणि तिच्या बरोबरीच्या बाईंनी देव केलेलंही आहे. मी व्यक्तिचित्रं रंगवते आणि शिकवते, त्यामुळे हे सगळं इतिहासाच्या बाजूने कमी आणि इझलच्या बाजूने जास्त सांगेन.

काउफमनचा जन्म 1741 चा, स्वित्झर्लंडमधल्या खूरचा. वडील चित्रकार, तेच गुरू. पोरवयातच ती व्यक्तिचित्रं करत होती. पुढे इटलीत जुन्या मास्टरांच्या नकला, रोममध्ये विंकेलमनची ओळख. प्राचीन ग्रीक कला म्हणजेच कला, असं साऱ्या युरोपच्या गळी उतरवणाऱ्या या माणसाचं व्यक्तिचित्र तिने 1764 मध्ये, वयाच्या तेविशीच्या आत केलं. 1766 ला लंडन, 1768 मध्ये तिथे रॉयल अकादमी ही कलाकारांची संस्था स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत दोनच बाया : ही आणि फुलांची चित्रं करणारी मेरी मोझर. 1781 मध्ये अंतोनिओ झुक्कीशी लग्न करून ती इटलीला परतली आणि 1807 मध्ये रोममध्येच वारली. अंत्ययात्रेची व्यवस्था नामवंत शिल्पकार कानोव्हाने पाहिली, एवढा तिचा मान.

पण या मानाला एक मोठं भोक होतं. अकादमीच्या जगात चित्रांचीही उतरंड होती. सगळ्यांत वर इतिहास आणि पुराणकथा, त्याखाली व्यक्तिचित्र, मग निसर्गचित्र, फुलं, फळं. वरच्या पायरीवर जायचं तर मानवी शरीर हाताखाली हवं, आणि ते येतं लाइफ क्लासमध्ये, म्हणजे जिवंत नग्न मॉडेलवरून रेखाटण्याच्या वर्गात. तिथे बायकांना प्रवेश नव्हता. योहान झोफानीने 1771-72 मध्ये अकादमीच्या सदस्यांचं जे समूहचित्र केलं त्यात सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती बसले-उभे आहेत, आणि काउफमन व मोझर मात्र भिंतीवर टांगलेल्या दोन चित्रांत आहेत. दोघी सदस्य, पण खोलीत नाहीत. हे चित्र मी विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही. अकादमीच्या शाळेत मुलींना मॉडेल, तेही अर्धवस्त्रातलं, मिळू लागलं ते 1893 मध्ये.

काउफमनने स्वतःही हे चित्रात नोंदवलंय, असं मला वाटतं. अकादमीच्या छतासाठी 1778 ते 1780 च्या दरम्यान तिने चार लंबगोल चित्रं केली. त्यांतल्या 'डिझाइन' या चित्रात एक स्त्री रेखाटन करतेय, आणि तिच्यासमोर आहे बेल्व्हेदेरे टॉर्सो : हात, पाय, डोकं नसलेलं प्राचीन धड. जिवंत माणूस नव्हे. त्या चित्राकडे रूपक म्हणून बघतात, मला ती वर्कशॉपमधली वस्तुस्थिती दिसते. तिच्यासाठी बसणाऱ्या एका पुरुष मॉडेलची नोंदही मागे राहिली आहे : फक्त हात, खांदे आणि पाय उघडे असायचे, आणि वडील कायम खोलीत हजर. अशा स्थितीत पुरुषाकृतीचं वजन कळणार कसं? समीक्षक तिच्या नायकांना नाजूक, बायकी म्हणून हिणवत. टीका वाईट हेतूची असली तरी निरीक्षण खोटं नाही, तिचे योद्धे खरंच भांडायला निघाल्यासारखे वाटत नाहीत.

मूल ही या कुलपातली फट होती. मुलाच्या उघड्या अंगाला लाइफ क्लास लागत नव्हता. ते घरातही दिसायचं आणि प्लास्टरमध्येही मिळायचं. फ्रान्स्वा द्युकेस्नुआ या सतराव्या शतकातल्या शिल्पकाराच्या गुबगुबीत बालमूर्तींचे प्लास्टर कास्ट, म्हणजे साच्यातून काढलेल्या प्रती, युरोपभरच्या स्टुडिओंत पडलेले असत. म्हणजे पौराणिक मूल रंगवताना बाईला एकाच वेळी उघडं शरीर, पुराणकथा आणि सभ्यता तिन्ही सांभाळता येत होतं, आणि जो मऊपणा योद्ध्यात दोष ठरायचा तो इथे गुण ठरायचा. लोक म्हणतात की बायकांना मुलांची ओढ असते म्हणून त्या मुलं रंगवतात. मला हे कधीच पटलेलं नाही. काउफमनला तर मूलबाळही नव्हतं. वरच्या पायरीवर जाणाऱ्या जिन्याचा एवढाच एक दरवाजा उघडा होता आणि तिने तो वापरला, असं माझं मत आहे.

आता खऱ्या मुलाकडे येऊ. नाव हेन्रिक लुबोमिर्स्की, जन्म 1777, पोलंडमधल्या बड्या सरदार घराण्यातला. इझाबेला लुबोमिर्स्का ही त्याच घराण्यातली अतिश्रीमंत विधवा, तिला चार मुली आणि मुलगा नाही. नात्यातल्या या देखण्या पोराला तिने आपल्याकडे वाढवायला आणलं आणि युरोपच्या प्रवासात बरोबर घेऊन हिंडली. जिथे जाईल तिथे उत्तम कलाकाराकडून त्याची प्रतिमा करून घ्यायची, असा तिचा खाक्या. रोममध्ये 1786 मध्ये काउफमनने त्याला क्युपिड म्हणून रंगवलं. तिथेच कानोव्हाला संगमरवरात त्याचा 'अमोरिनो', म्हणजे बाल-इरॉस (इरॉस हे क्युपिडचं ग्रीक नाव), करायला सांगितलं गेलं, तो आज पोलंडमधल्या वाइन्त्सुतच्या किल्ल्यात आहे. मग पॅरिसमध्ये 1789 साली एलिझाबेथ विजे ल ब्रँ या फ्रेंच चित्रकर्त्रीने त्याला कीर्तीचा पंखधारी दूत केलं. हे बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या चित्रसंग्रहालयात आहे : गुडघ्यावर टेकलेला मुलगा, पाठीला पंख, हातात पानांचा मुकुट. पुढे तिनेच त्याला वीणेसारखं वाद्य वाजवणारा ग्रीक पुराणातला अँफियन म्हणूनही रंगवलं. बारा वर्षांचा होईपर्यंत हा पोरगा तीन वेळा देव होऊन बसला होता!

कानोव्हाचा पुतळा इथे फार उपयोगी पडतो, कारण त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. एका इंग्रज गिऱ्हाइकाला तसाच पुतळा हवा होता, पण त्याला हेन्रिकशी काय देणंघेणं? कानोव्हाने शरीर तेच ठेवलं आणि डोकं बदललं, व्यक्तीचं काढून आदर्श देवाचं बसवलं. मग आयर्लंडच्या गिऱ्हाइकासाठी आणखी एक, आणि रशियन राजपुत्र युसुपोव्हसाठी पंख लावून आणखी एक. व्यक्तिचित्र आणि देव यांतला सगळा फरक मानेच्या वर होता, याचा इतका चोख पुरावा दुसरा मिळणार नाही. मूळ पुतळ्याचं अंगही नीट बघा : आठ-नऊ वर्षांच्या पोराचं ते नव्हे, प्राचीन मूर्तींतल्या किशोर इरॉसचं आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला : मान बघा. चेहरा सिटिंगमधून, म्हणजे मुलाला समोर बसवून, येतो, धड कास्टवरून किंवा दुसऱ्या मॉडेलवरून. काम करणाऱ्याला हे उघड आहे. लहान मूल वीस मिनिटांपलीकडे बसत नाही, आणि त्या वीस मिनिटांतही चेहरा चार वेळा बदलतो. आधी कुतूहल, मग कंटाळा, मग झोप, मग हट्ट. उघडं अंग, एक गुडघा टेकलेला, हात वर, अशा पोझमध्ये तर दोन मिनिटंसुद्धा नाही. तेव्हा हुशार चित्रकार चेहऱ्याचा हेडस्टडी झटपट उरकतो आणि बाकीचं मागाहून जुळवतो. काउफमनची ही पद्धत नेपल्सच्या राजघराण्याच्या कामात स्पष्ट दिसते. फर्डिनांड चौथा, त्याची राणी आणि मुलं यांच्या मोठ्या समूहचित्रासाठी तिने तिथे जाऊन एकेकाच्या चेहऱ्याचे स्वतंत्र अभ्यास केले आणि मोठा कॅनव्हास रोमला परतून पुरा केला. ते चित्र 1783 चं आहे, त्यात देवबीव कुणी नाही, पण रीत तीच.

दोन ठिकाणांहून आलेले भाग जिथे जुळतात तिथे काही ना काही सुटतंच. कधी चेहऱ्यावरचा प्रकाश खिडकीचा असतो आणि छातीवरचा कुठलाच नसतो. कधी गालाची कातडी जिवंत, खाली मात्र अंग प्लास्टरसारखं एकसारखं पांढुरकं. कधी डोकं अंगाच्या मानाने मोठं, कारण आठ वर्षांच्या मुलाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सहा-साडेसहा पट असते आणि किशोर मूर्तीची सातच्या पुढे. बर्लिनच्या चित्रात विजे ल ब्रँने हा सांधा केस मोकळे सोडून सफाईने हाताळलाय. मानेवर केस पडले की अर्धं काम झालं, हे आजही चालतं.

चेहऱ्यात काय पाहायचं, तेही सांगते. नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन नमुन्यावर बेतलेल्या, देवाला कपाळ आणि नाक जवळजवळ एका रेषेत असतात, मधला खळगा नसतो. खऱ्या मुलाला तो असतोच. देवाचे कान कुणी बघत नाही म्हणून ते ठोकळेबाज असतात, व्यक्तिचित्रात कान हट्टाने त्या मुलाचे असतात, बाहेर आलेले असले तर तसेच, कारण आई तपासते. दोन डोळे अगदी सारखे असले तर मला शंका येते. आणि नजर : क्युपिड आपल्या कामात असतो, बाण बघतो, आई व्हीनसकडे बघतो. जो थेट तुमच्याकडे बघतो तो बहुतेक वेळा कुणाचा तरी मुलगा असतो. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण पहिला धागा म्हणून चांगला.

अर्थात शेवटचा शब्द कागदाचा. इटलीत परतल्यापासून काउफमनच्या कामांची एक वही ठेवलेली होती, कुणासाठी, काय, किती पैशांना. बरीचशी नोंद नवरा झुक्कीच्या हातची. (अशी वही ठेवणारा जोडीदार प्रत्येक चित्रकाराला मिळो.) डोळ्याने केलेला अंदाज अशा नोंदीशी जुळला तरच ओळख पक्की समजायची.

पालकांना यात काय मिळत होतं? पहिलं म्हणजे बढती. मुलाचं चित्र साध्या कपड्यांत केलं तर ते व्यक्तिचित्र, पंख लावले की पुराणकथा, त्याच पैशांत एक पायरी वर. दुसरं, कपड्यांची फॅशन दहा वर्षांत हास्यास्पद होते, उघडं अंग आणि ग्रीक वस्त्र होत नाही, अशी त्या पिढीची समजूत. आपण गोकुळाष्टमीला पोराला मोरपीस लावून फोटो काढतो तेव्हा दिवस संपला की तो पुन्हा आपला बंड्या होतो, इथे मात्र ती सोंगाची घटका तैलरंगात कायमची पक्की केली जायची. तिसरं कारण दुःखाचं होतं, पण ते आधीच्या शतकातलं. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निकोलास मासने मुलांना गॅनिमीड म्हणून रंगवलं, गरुडाने उचलून स्वर्गात नेलेला मुलगा. वारलेल्या मुलांची आठवण ठेवायची ही एक रीत होती, असं अभ्यासक मानतात. काउफमनच्या पिढीत तो सूर मागे पडला आणि मूल म्हणजे निर्मळ निसर्ग, हा नवा सूर वर आला.

हेन्रिकच्या बाबतीत मात्र यांपैकी एकही कारण पुरत नाही. तिथे एका श्रीमंत बाईचं कौतुक आहे, सुंदर वस्तूचा संग्रह करावा तसं. आजच्या डोळ्याला ते खटकतं, आणि खटकलं तर दाबून टाकू नये. उघड्या मुलाला प्रौढांच्या बैठकीत मांडणं त्या काळी सभ्य मानलं जात होतं, एवढी नोंद घेऊन आपण अस्वस्थ राहू शकतो. तो मुलगा पुढे भला माणूस निघाला, हेही सांगायला हवं. ल्व्हूव्हच्या (आज युक्रेनमधलं ल्विव्ह) ओसोलिनेउम या पोलिश ग्रंथालय-संस्थेच्या उभारणीत त्याचा हात होता, तिथल्या लुबोमिर्स्की संग्रहालयाला त्याच्या घराण्याचं नाव होतं, आणि ड्यूररची मौल्यवान रेखाटनं त्या संग्रहात त्याच्याकडूनच आली. 1850 मध्ये तो वारला.

विजे ल ब्रँबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिच्या वाट्याला या वेषांमुळे कटकटीही आल्या. ही काउफमनपेक्षा चौदा वर्षांनी लहान, हीसुद्धा चित्रकाराचीच मुलगी. तिला स्वतःला ज्युली नावाची मुलगी होती आणि तिची चित्रं तिने जन्मभर केली. पुढे ती विशीच्या उंबरठ्यावर असताना तिला फ्लोरा, म्हणजे फुलांची देवताही केलं. राज्यक्रांती झाली आणि 1789 च्या ऑक्टोबरमध्ये ती मुलीला घेऊन पॅरिसमधून निसटली. रोममध्ये काउफमनची भेट झाली. बाई विद्वान आहेत, पण बोलण्यात मला उत्साह वाटला नाही, असा काहीसा शेरा तिने आठवणींत मारलाय. दोन मोठ्या चित्रकर्त्रींच्या भेटीचं एवढंच वर्णन वाचून मला नेहमी हसू येतं.

व्हिएन्नात तिने 1793 मध्ये लिख्टेनश्टाइनच्या राजपुत्राची बायको इंद्रधनुष्याची देवता आयरिस म्हणून रंगवली, ढगांत तरंगणारी, अर्थातच अनवाणी. घरातली वडीलधारी मंडळी हबकली. तेव्हा राजपुत्राने चित्राखाली जमिनीवर एक बुटांचा जोड ठेवून दिला आणि बूट आत्ताच गळून पडले म्हणून सांगितलं. ही गोष्ट खुद्द तिच्या आठवणींतली. सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रकरण इतक्या हसण्यावारी गेलं नाही. तिथे 1796 च्या सुमारास सम्राज्ञी कॅथरिनच्या दोन नाती, अलेक्झांड्रा आणि एलेना, वय तेरा आणि अकराच्या आसपास, तिने ग्रीक पद्धतीच्या झग्यांत रंगवल्या, हात उघडे. आजीबाईंना ते मुळीच आवडलं नाही. निरोप आला, आणि तिने झगे बदलून बाह्या घातल्या. तिचं म्हणणं असं की चित्र त्यामुळे बिघडलं. आज तिथल्या हर्मिताज संग्रहालयात दिसतात त्या बाह्यांच्याच मुली. हेन्रिक आणि या दोघी यांत फरक एवढाच : तो मुलगा होता, आणि त्याच्या वाढवणाऱ्या बाईला तो उघडाच हवा होता. ग्रीक वेष सगळ्यांना सारखा मोकळा नव्हता.

हे सगळं मला जवळचं वाटतं त्याचं एक कारण म्हणजे आपल्याकडचं कलाशिक्षण याच झाडाची फांदी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये 1857 पासून पिढ्यान् पिढ्या ग्रीक-रोमन मूर्तींच्या कास्टवरूनच रेखाटायला शिकल्या. आणि इथेही पहिल्या फळीत दिसतात त्या चित्रकारांच्याच मुली : धुरंधरांची अंबिका, गोव्याच्या त्रिंदादांची अँजेला. घरातच गुरू असल्याशिवाय मुलीला ब्रश मिळणं किती कठीण होतं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता तुमच्या छापाकडे. काउफमनची चित्रं घरोघर पोचली ती खोदकाम करणाऱ्यांमुळे, मुख्यतः बार्तोलोझ्झी आणि विल्यम रायलंड. दोघेही स्टिपल पद्धतीत काम करत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेघांऐवजी ठिपके. तांबूस शाईत छापलं की लाल खडूने केलेल्या रेखाटनाचा भास होतो, तुमचा तांबूस रंग तिथला. (रायलंडचा शेवट भलताच झाला, बनावट हुंडीच्या प्रकरणात 1783 मध्ये त्याला फाशी दिली.) ही चित्रं इतकी खपली की चिनी मातीची भांडी, पंखे, फर्निचर, सगळ्यांवर काउफमनचे क्युपिड उमटले, आणि पुढच्या शतकात तिचं नाव लावून वाटेल ते विकलं गेलं. त्यामुळे खाली नाव आहे एवढ्यावर विसंबू नका.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ठिपके लहान-मोठे, अनियमित, जागोजाग दाट-विरळ दिसले तर स्टिपल. सगळे ठिपके सारख्या अंतराच्या जाळीत बसलेले असतील तर तो यांत्रिक हाफटोन, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा शेवट किंवा नंतरचा. चित्राभोवती कागदात दबलेली आयताकृती कड चाचपून बघा, ती पत्र्याची खूण. मग अक्षरं वाचा. डावीकडे काउफमनच्या नावापुढे 'पिंक्सिट' म्हणजे रंगवणारी, उजवीकडे दुसरं नाव आणि 'स्कल्प्सिट' म्हणजे खोदणारा. त्याखाली प्रकाशकाची ओळ असेल तर त्यात तारीख सापडेल, कारण 1735 च्या इंग्लिश कायद्यानुसार हक्क राखायचे तर ती घालावी लागे. एखाद्या सरदारणीला अर्पण केल्याची ओळ दिसली तरी लगेच तिचा मुलगा समजू नका. अर्पण हे गिऱ्हाईक जोडण्याचं साधन होतं. मुलाचं नावच शीर्षकात असेल तर गोष्ट वेगळी.

फ्रेम घरी उघडू नका. मागचा पुठ्ठा आम्लधर्मी असतो आणि तो कागदाला चिकटलेला असू शकतो. कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडूनच उघडून घ्या आणि आधी काचेवरूनच समोरचा, नंतर उघडल्यावर मागचा, असे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागे कुणी पेन्सिलीने लिहिलेलं असलं तर तेही त्यात यायला हवं, दुकानदारांच्या आणि जुन्या मालकांच्या नोंदी तिथेच सापडतात.